चेहऱ्यासकट

आमच्या घरात मासे आणि दूध एकाच दिवशी गॅसवर चढत नसत. बाजारातून बांगडे आले की आई दुधाचं पातेलं शेजारणीकडे ठेवून यायची आणि रात्री भांडी घासून झाली की परत आणायची. कारण मी. मी सात वर्षांची असताना माझ्या ओठाच्या कडेला पांढरा ठिपका उमटला. तिथून तो हनुवटीवर उतरला, मग डाव्या डोळ्याभोवती, मग दोन्ही हातांवर. कोड. हा शब्द आमच्या घरात कुणी तोंडातून काढत नसे, ‘तिचं ते’ म्हणत. गावाकडच्या बायकांनी निकाल लावला होता की पोरीने माशांवर दूध प्यायलं. तीन डॉक्टरांनी आईला समजावून सांगितलं की याचा काडीचा संबंध नाही. आईने प्रत्येकाचं नीट ऐकलं, मान डोलावली आणि घरी येऊन पातेलं शेजारी नेऊन ठेवलं.

आज मी एकोणपन्नास वर्षांची आहे. भांडुपला राहते, एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढते. लग्न केलेलं नाही. हे ‘केलेलं नाही’ माझं. घरचे ‘झालं नाही’ म्हणतात.

आमच्याकडे आणखी एक रीत होती. लग्नकार्याची बोलणी करायला कुणी घरी येणार असलं की मला चारकोपला मावशीकडे पाठवायचे. मावशी बिचारी काही विचारायची नाही. दार उघडायची, घावणे घालायची आणि संध्याकाळी विचारायची, ‘गेले असतील ना गो आता?’ मग मी घरी. दादाचं लग्न ठरत होतं तेव्हा वहिनीकडची माणसं आमचं घर बघायला दोनदा आली. दोन्ही वेळा माझी डिप्लोमाची परीक्षा होती. म्हणजे तसं त्यांना सांगण्यात आलं. वहिनीने मला पहिल्यांदा पाहिलं ते लग्नाच्या हॉलमध्ये, अंतरपाट दूर झाल्यावर. हातात हार घेऊन ती माझ्याकडे बघत राहिली, मग माझ्या आईकडे. मग तिने हार घातला. दुसरं काय करणार होती?

फोटोत कसं उभं राहायचं हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. उजवा गाल पुढे, मागची रांग, समोर कुणीतरी उंच. चेहऱ्यावर फाउंडेशनचा थर. चाळीस वर्षांच्या आमच्या अल्बममध्ये मी शोधावी लागते.

दोन वर्षांपूर्वी मोबाईलवर मला एक ग्रुप सापडला. सगळी मराठी माणसं, सगळी कोडाची. आत शिरायचा नियम एकच होता. आपला फोटो टाकायचा. दिवसाउजेडी काढलेला, मेकअप नाही, फिल्टर नाही. खाली स्वतःचं नाव आणि जवळच्या स्टेशनचं नाव. मी चलाखी केली, कोपराचा फोटो पाठवला. ग्रुप चालवणाऱ्या बोरिवलीच्या बाईंचं दोन मिनिटांत उत्तर आलं, ‘कोपराला नाव नसतं. चेहरा पाठव, घाई नाही.’

तीन आठवडे लागले मला. एका रविवारी सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीत डब्यांना टेकवून मोबाईल ठेवला, तोंड धुतलं, पुसलं आणि समोर उभी राहिले. फोटो पाहिला तेव्हा धक्का बसला. वाईट दिसत होते म्हणून नाही, तर ती बाई मला अनोळखी होती म्हणून. मी तो पाठवला, नाव लिहिलं, भांडुप लिहिलं आणि मोबाईल पालथा घालून भाजी चिरायला बसले.

मला वाटलं होतं, सगळे ‘सुंदर, सुंदर’ करतील. तसलं लाडावणं मला सोसत नाही. पण कुणी तसं केलं नाही. एकीने लिहिलं, ‘डोळ्याजवळचं अगदी माझ्यासारखं.’ दुसरीने विचारलं, उन्हात जाताना काय लावता? घाटकोपरचे एक निवृत्त कंडक्टर होते. त्यांनी लिहिलं, ‘तिकीट घेताना लोक माझं बोट टाळायचे. मी मुद्दाम तिकीट घट्ट धरून ठेवायचो.’ मी खिडकीशी एकटीच मोठ्याने हसले. इतकी वर्षं ही माणसं होती कुठे? माझ्यासारखीच, कुणाच्या तरी पाठीमागे.

दुसऱ्या दिवशी फाउंडेशन न लावता ऑफिसला गेले. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, समोरच्या नकाशाकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘जिना अरुंद झालाय.’ बस, एवढंच. या एका वाक्यासाठी मी सव्वीस वर्षं रोज पहाटे अर्धा तास आधी उठत होते! त्या दिवशी मला जो राग आला, तो अजून गेलेला नाही आणि तो घालवायची मला काही घाई नाही.

पुढे ग्रुपने ठरवलं की फोटो सगळ्यांना दिसतील असे खुले करायचे. ज्यांना नको असेल त्यांनी कळवावं. मी कळवलं नाही. आठवडाभरात माझा फोटो फिरत फिरत आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर येऊन पडला. खाली कुणीतरी विचारलं होतं, ‘ही आपलीच ना?’

संध्याकाळी मुलुंडहून वहिनीचा फोन आला.

‘तो फोटो तू टाकलास?’

‘हो.’

‘वेड लागलंय का तुला? रविवारी बैठक आहे आपली, मुलाकडचे येतायत. मुलाची आई दिवसभर मोबाईलवर असते. तिच्यापर्यंत पोहोचला ना, तर वाट लागली आमची!’

‘मी काय चोरी केलीय का गं?’

‘चोरीचं कोण बोलतंय? साखरपुडा होईपर्यंत उतरव, मग परत टाक हवं तर. आणि रविवारी... तू नको येऊस. तुला बरं नाही असं सांगते मी.’

बैठक माझ्या भाचीची होती. दादा-वहिनीची एकुलती एक मुलगी, सव्वीस वर्षांची. मुलगा-मुलगीने एकमेकांना पसंत केलं होतं, ती दोघं दोनदा बाहेर भेटलीही होती. उरलं होतं ते मोठ्यांचं बोलणं. ही मुलगी मला किती जवळची आहे हे वहिनीला माहीत होतं. तरीही मी म्हटलं, ‘वहिनी, तुझी माणसं आमचं घर बघायला आली तेव्हा माझी परीक्षा होती. दोन्ही वेळा.’

ती म्हणाली, ‘मला तेव्हा सांगायला हवं होतं. तुमच्या आईंनी चुकीचं केलं.’

‘मग आता तू काय करतेयस?’

तिने फोन ठेवला.

बुधवारी ऑफिसमधून घरी आले तर भाची दारात उभी. आत आली, पाणी प्यायली, पंख्याखाली बसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘आत्या, थोडे दिवस उतरवशील का गं तो फोटो?’

मी मोबाईल हातात घेतला. खरं सांगते, घेतला. तिने आजवर माझ्याकडे काही मागितलं आणि मी नाही म्हटलं, असं झालेलं नव्हतं. तेवढ्यात ती म्हणाली, ‘आई फक्त तुझ्यामुळे नाही सांगत गं.’ आणि तिने डाव्या पायातला मोजा खाली केला. घोट्याच्या वर, पैंजण येतं तिथे, बदामाएवढा पांढरा डाग.

‘कधीपासून?’

‘तेरा वर्षं झाली. वाढत नाही, तेवढाच आहे.’

‘मला नाही सांगितलंस?’

‘आई म्हणाली, आत्याला कळू देऊ नकोस, तिला वाईट वाटेल.’

दर दिवाळीला मी त्या घरी जेवत होते आणि ही पोर तेरा वर्षं माझ्यासमोर पाय झाकून बसत होती. माझ्यासमोर! अख्ख्या मुंबईत ज्या एका माणसाला तिने बेधडक दाखवावं, त्याच्यापासून लपवत. मला वाईट वाटलं नाही. माझं डोकं फिरलं. मी मोबाईल टेबलावर ठेवला.

‘नुसतं मागितलं असतंस ना, तर उतरवला असता. आता नाही उतरवणार.’

‘का? उलट आता तर...’

‘आता तो उतरवला तर तुझाच पाय मी झाकला असं होईल.’

ती ताडकन उठली. ‘तुझं ठीक आहे गं आत्या. तुझं सगळं होऊन गेलंय.’

‘माझं काही झालंच नाही. होऊ दिलं नाही.’

ती बूट घालून निघून गेली. मी मागून हाक मारली नाही. त्या दोन-तीन दिवसांत मी स्वतःलाही सोडलं नाही. जुना हिशेब मी त्या पोरीच्या लग्नात चुकता करतेय का? थोडा करत होते, कबूल आहे. आपण फार थोर आहोत असा माझा दावा नाही. पण हिशेब चुकता करायचा म्हणून जे खरं आहे ते खोटं होत नाही, आणि फोटो जिथे होता तिथेच राहिला.

रविवारी मी मुलुंडला गेले. कुणी बोलावलं नव्हतं. मोहरीच्या रंगाची साडी नेसले, केस वर बांधले, तोंडाला पावडरसुद्धा लावली नाही. दार वहिनीने उघडलं. ती दारातून बाजूला झाली. दादा वर पंख्याकडे बघत बसला. हॉलमध्ये मुलगा, त्याचे आईवडील आणि एक काका. मी नमस्कार केला आणि समोरच्याच खुर्चीत बसले.

मुलाच्या आईने माझ्याकडे एकदा पाहिलं, मग कपात पाहिलं, मग वहिनीला विचारलं, ‘यांना... कधीपासून आहे हे?’

‘सातव्या वर्षापासून,’ मी म्हटलं. ‘मलाच विचारा ना, तोंड माझं आहे.’

‘नाही, आमचं तसं काही नाही हो. आम्ही शिकलेली माणसं आहोत. पण उद्या मुलाबाळांचा प्रश्न येतो...’

‘छे, छे, आमच्या हिला काही नाही!’ वहिनी घाईघाईने म्हणाली.

भाची पोह्यांचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने ट्रे टीपॉयवर ठेवला, सगळ्यांना चमचे दिले. मग वाकून साडीचा काठ चार बोटं वर उचलला. ‘आहे, काकू. हे बघा. तेरा वर्षं आहे.’

मला मुलाच्या आईचा इतका राग आला नाही, जितका त्या मुलाचा आला. दोनदा तिच्यासोबत कॉफी प्यायलेला तो दादला होऊ घातलेला गृहस्थ आपल्याच मोज्यांकडे बघत होता. मंडळींनी पोहे खाल्ले. पोहे छान झालेत असंही म्हणाली. निघताना काका म्हणाले, ‘कळवतो.’ आमच्याकडे कळवतो म्हणणारे कधी कळवत नाहीत, तसं त्यांनीही कळवलं नाही.

दार लागल्यावर दादा मला म्हणाला, ‘झालं समाधान?’ तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. नातेवाइकांत ठरलं आहे की आत्याने भाचीचं लग्न मोडलं. बोलू देत. मी फोटो उतरवला असता तर लग्न झालं असतं, हे मलाही मान्य आहे. आणि मग ती आयुष्यभर नवऱ्यासमोर मोजे घालून झोपली असती का, हे मला त्यांच्यापैकी कुणीतरी सांगावं. भाची आधी दहा दिवस माझ्याशी बोलली नाही. मग एक दिवस मेसेज आला, ‘पैंजण घालून ऑफिसला आले. कुणी बघितलंच नाही यार.’

तीन आठवडे झाल्यावर दुपारी ऑफिसात वहिनीचा फोन आला. मी बाहेर जिन्यात गेले. माझ्याकडे वीस उत्तरं तयार होती.

‘जेवलीस?’ तिने विचारलं.

‘जेवले.’

मग ती म्हणाली, ‘त्या तुमच्या ग्रुपात... बायकांची लग्नं झालेली असतात का गं?’

माझी वीसच्या वीस उत्तरं गळून पडली.

‘असतात. बऱ्याच जणींची झालीयत. पोरंबाळं आहेत.’

‘आणि ज्यांची नाही झाली, त्या?’

‘त्या कामावर जातात, वहिनी. स्वतःचं घर चालवतात. भांडतात, हसतात. आजारी पडल्या की एकमेकींकडे जाऊन राहतात.’

‘म्हणजे तुझ्यासारख्या?’

‘हो. माझ्यासारख्या.’

ती रडत होती की काय, मला कळलं नाही. तिने नाक ओढलं.

‘मग बरं,’ ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

माझ्या आयुष्याला घरातल्या कुणी ‘बरं’ म्हटल्याचं मला याआधी आठवत नाही.