विकाऊ बंगल्यातला माळी

माझा मित्र माळी आहे. मंदी आली तसे उपनगरातल्या त्या श्रीमंत गल्लीतले बंगले विकायला निघाले. एकही विकेना, पण भाव उतरवायला कुणी तयार नव्हतं. रिकामं घर लोक मातीमोल भावात मागतात, म्हणून दलालाने माळ्याला बायकोसकट एका बंगल्यात राहायला पाठवलं. अट एकच होती, मालकासारखं दिसायचं. बंगला विकला की दुसऱ्या दिवशी बाहेर.

रविवारी मी तिथे असतानाच सुटाबुटातलं गिऱ्हाईक आलं. वहिनींचा चेहरा पडला. भाड्याची खोली त्यांनी कधीच सोडली होती.

"शेजार कसा आहे?" गिऱ्हाइकाने विचारलं.

"एकदम खानदानी," माळी म्हणाला. शेजारच्या व्हरांड्यात तिथला वॉचमन मालकाचा गाऊन घालून पेपर वाचत बसला होता.

गिऱ्हाईक बागेत गेलं. गुलाबापाशी थबकलं. कोटाच्या खिशातून छाटणीची कात्री काढून त्याने एक वाळकी फांदी सफाईने कापली.

माळी बघतच राहिला. "कुठल्या बंगल्यावर असतोस रे?"

तो ओशाळला. "मागच्या गल्लीत, दादा. दलालानेच पाठवलंय. गिऱ्हाइकं येतायत असं दिसायला नको का?"

मी थक्क झालो. वहिनी मात्र पोट धरून हसल्या आणि त्या गिऱ्हाइकाला म्हणाल्या,

"मग भावोजी, घेताय ना बंगला?"

"छे हो वहिनी, फार महाग आहे!"

"मग पुढच्या रविवारी पुन्हा बघायला या," असं म्हणत त्या चहा टाकायला आत गेल्या.