पोटात फाटलेलं दूध
आज पनीरसाठी उकळत्या दुधात लिंबू पिळलं आणि त्या आंबूस वासानं काटोलची बाळंतिणीची खोली आठवली. मी नववीत होते, सुटीत नागपूरहून मामाकडे गेले होते. मामेबहिणीचं बाळ बारा दिवसांचं होतं. शेक-धुरी झाल्यावर तिनं त्याला पाजलं, तोच त्यानं तिच्या खांद्यावर पांढऱ्या गुठळ्या टाकल्या. मामी म्हणाली, "तुयं दूधच नासून राहिलं वं. आता पाजू नको त्याले." आणि तिनं फळीवरून पावडरच्या दुधाचा डबा काढून खाटेवर ठेवला. बहीण पदर आवळून भिंतीकडे बघत राहिली. नवजात पिल्लांच्या पोटातला पाचकरस दूध घट्ट करतो, म्हणजे ते पोटात थांबून पचतं, हे मी शाळेत शिकले होते, पण इंग्रजीत. बराच वेळ शब्द जुळवून मी म्हटलं, "मामी, पोटात दूध फाटलंच पाहिजे." "आली इंग्लिश मिडियमची डॉक्टरीण!" मामी हसली. बाळंतिणीच्या खोलीत न येणारा मामा दाराबाहेरूनच बोलला, "बराबर सांगून राहिली पोरगी. गोठ्यातल्या कुत्रीचे पिल्लं बी अशाच गुठळ्या टाकते. तिले कोनं डबा आणून देला का?" "पोरीची बरोबरी कुत्रीशी करता?" मामी ओरडली, पण तिलाही हसू आलं. बाळ रडायला लागलं. बहिणीनं त्याला पदराखाली घेतलं आणि तो डबा माझ्या हातात दिला. मी तो फळीवर अगदी मागे ठेवला होता, हे आज पनीर गाळताना आठवलं.