दिगूमामाची आडवी कॉफी

आधीच सांगून ठेवते. या पोस्टमध्ये समुद्र एकदाच येतो, तोही कड्यावरून, आणि डॉल्फिन अजिबात येत नाही. मी दापोलीजवळच्या एका गावी माझ्या मामाकडे कॉफीची कलमं बघायला गेले होते. हो, कॉफीची, रत्नागिरी जिल्ह्यात. हसून घ्या. मीही हसले होते.

दिगूमामा फोनवर हॅलोबिलो म्हणत नाही. "बायो, रविवारी कलमं वाटतोय. चाळीस. तू त्या ब्लॉगवर कायकाय थापा मारत असतेस, एकदा येऊन खरं काहीतरी लिही," असं म्हणून त्याने फोन ठेवला. जानेवारीचा शेवट होता, दोन दिवसांची रजा शिल्लक होती आणि नवरा म्हणाला, "जा बाई, मी सुखाने क्रिकेट बघतो." मग काय, शुक्रवारी पहाटे दिव्याहून गाडी पकडली.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: दापोलीला रेल्वे नाही. खेडला उतरा, रिक्षाने एसटी स्टँड गाठा, तिथून दापोली तासाभराची. बायकांना एसटीत अर्धं तिकीट. बाई असण्याचा हा एकच रोख फायदा मला आजवर मिळालाय, त्यामुळे मी तो ऐटीत मागते. रस्ता सगळा वळणांचा. कंडक्टरने मला एकदा न्याहाळलं आणि म्हणाला, "ताई, वळणांचा त्रास होतो का? होत असेल तर खिडकी धरा. मागच्यांचा विचार करा." मी आवळासुपारी तोंडात टाकली आणि मागच्यांचा विचार करत बसले. दापोलीत स्टँडजवळच्या खाणावळीत बांगडा थाळी खाल्ली. सोलकढी दुसऱ्यांदा मागितली तर हसून देतात, तिसऱ्यांदा मागितली तर नुसतं बघतात. तिथून शेअर रिक्षाने मामाच्या दारात.

आता मामाची ओळख. दिगूमामाने बांधलेलं आंब्याचं कलम मरत नाही अशी पंचक्रोशीत ख्याती आहे. त्यातली निम्मी त्याने स्वतःच पसरवलीय, पण उरलेली निम्मी खरी आहे. पाच वर्षांपूर्वी तो आणि मामी कुर्गला सहलीला गेले. लोक तिथून मसाले आणतात, हा कॉफीचं बी घेऊन आला. सुपारीखाली जागा रिकामी, सावली आयती, पाणी चालूच असतं, मग कॉफी का नको, असं म्हणून त्याने गावातल्या दहा-बारा जणांच्या गळी ती उतरवली. दोन वर्षं सगळे खूश. तिसऱ्या वर्षी पावसानंतर तांबेरा आला. पानाखाली नारिंगी पूड, मग पान पिवळं, मग खाली. दिवाळीपर्यंत गावातली सगळी कॉफी खराट्यासारखी झाली. लोकांनी उपटून चुलीत घातली आणि चहा पीत मामाला शिव्या दिल्या.

फक्त मामाच्या विहिरीजवळचं एक झाड हिरवंगार राहिलं. आजूबाजूची सगळी गेली, याला एक ठिपका नाही. मामाने त्याचं बी लावून पाहिलं, तर निम्म्या रोपांना पुन्हा तांबेरा. बियाचं पोरासारखंच असतं, कोणावर जाईल सांगता येत नाही. कलम म्हणजे मात्र त्याच झाडाचा तुकडा, त्याचे गुण जसेच्या तसे. म्हणून गेल्या उन्हाळ्यात त्याने त्या झाडाच्या फांद्या घेऊन चाळीस कलमं बांधली आणि ज्यांची कॉफी गेली होती त्या प्रत्येकाला शब्द दिला: या वेळी फुकट देतो, आणि या वेळी जगेल. दुसऱ्यांदा फसलं असतं तर गावात त्याच्या हातचं आंब्याचं कलमही कोणी घेतलं नसतं.

हे सगळं त्याने मला बागेकडे जाता जाता सांगितलं. मग कलमं दाखवली. चाळीस काळ्या पिशव्या, चाळीस रोपं, पानं तुकतुकीत, तांबेऱ्याचं नाव नाही. आणि प्रत्येक रोप बांबूच्या काडीला सुतळीने तीन-तीन ठिकाणी बांधलेलं.

"यांचं हाड मोडलंय का?" मी विचारलं.

"खत जरा जास्त झालंय. अंग जड झालंय त्यांचं. होतील सरळ."

मागे मामी उभी होती. ती काही बोलली नाही. मामी गप्प बसली की समजावं काहीतरी शिजतंय, पण मला तेव्हा भूक लागली होती.

शनिवारी आंजर्ल्याला गेलो. मामाला कड्यावरच्या गणपतीला नारळ ठेवायचा होता, उद्याचं वाटप नीट पार पडावं म्हणून. मंदिरात कितीही गर्दी असली तरी तळ्याकाठी गार वाटतं. तळ्यातल्या माशांना चुरमुरे टाकायला मिळतात, ते मुलांसाठी म्हणून घ्यावेत आणि आपणच टाकावेत. कड्यावरून समुद्र दिसतो. निळा होता. झालं, समुद्र संपला.

मामा आत रांगेत असताना मामीने मला तळ्याच्या पायरीवर बसवलं.

"ती कलमं वाया गेलीत गो," ती म्हणाली.

माझ्या हातातले चुरमुरे तसेच राहिले.

मामीच्या माहेरी जायफळाची बाग. जायफळाचं कलम करायचं तर उभ्या वाढणाऱ्या शेंड्याची फांदी लागते. आडव्या फांदीचं केलं तर ते झाड जन्मभर आडवंच वाढतं, छत्रीसारखं पसरतं, वर म्हणून जात नाही. कॉफीचंही तसंच. आंब्याला हा नखरा नाही, कुठलीही चांगली काडी घ्या, झाड वर जातं. मामाने चाळीस वर्षं आंबा केलेला. त्याने कॉफीच्याही बाजूच्या गुबगुबीत फांद्या घेतल्या, कारण आंब्याला त्या चालल्या असत्या.

"मग तू सांगितलं नाहीस?"

"बांधत होते तेव्हाच सांगितलं. म्हणाले, तू मला कलम शिकवतेस? म्हटलं बरं. मग मी आठ महिने गप्प बसले. ती रोपं लोळायला लागली, हे काड्या बांधायला लागले, मी मजा बघत होते." ती जरा थांबली. "आता मजा येत नाही. उद्या माणसं येतील. दोन वर्षं राबतील त्यावर. माझं तर ऐकायचे नाहीत, तू सांग."

मी? मला ठाण्यात तुळस जगवता येत नाही. पण मामीचे डोळे भरले होते, आणि तिला रडताना मी कधी पाहिलेलं नाही. मग मामा प्रसादाचा नारळ घेऊन हसत बाहेर आला आणि परतीच्या वाटेवर मला एकदाही तोंड उघडायचं धाडस झालं नाही.

संध्याकाळी बागेत सांगितलं. जमेल तितकं गोड बोलून सांगितलं, म्हणजे अगदीच वाईट सांगितलं. मामाने एका रोपाची सुतळी सोडली. रोप हळूहळू कलंडलं आणि पिशवीच्या कडेवर आडवं झालं. दुसरं सोडलं, तेही झोपलं. चाळीसच्या चाळीस सोडली आणि तो न जेवता आत जाऊन पडला. माझा मामा म्हणजे मोडेन पण वाकणार नाही अशातला. फार वाईट वाटलं हो मला.

सकाळी उठून अंगणात आले तर चाळीस रोपं ओळीत उभी. सगळी पुन्हा काड्यांना बांधलेली, पानं पाण्याने पुसलेली. मामाने स्वच्छ सदरा घातला होता. मी मामीकडे बघितलं. तिने पदर तोंडाला लावला.

म्हणजे हा ती देणार होता! दोन वर्षं कोणाला कळलंही नसतं. रोगबिग नव्हताच त्यांना. मला मामाचा इतका राग आला की चहा तसाच ठेवला.

नऊपर्यंत माणसं जमली. पुढे शिरपत. शेजारचा. तांबेऱ्यात सगळ्यात जास्त झाडं त्याची गेली होती आणि गेली दोन वर्षं मामाची सगळ्यात जास्त टिंगल त्यानेच केली होती. आल्या आल्या म्हणाला, "काय दिगूनाना, या येळेला हळद लावून नाय ना देत पोरींना?" हळद म्हणजे तांबेऱ्याची ती पूड, पोरी म्हणजे रोपं. सगळे खो खो हसले. मामाही हसला, पण तोंडानेच.

मग शिरपतने काखेतलं पोतं खाली टाकलं. पोतं ओलं होतं. पाणी निथळत होतं त्यातून.

"ह्ये कशाला?" मामाने विचारलं.

"रोपां न्यायची हायत ना उन्हातनं. मुळं तापतील. भिजवून आणलंय." आणि वर म्हणाला, "खड्डे पन मारून ठेवलेत. मागल्यापेक्षा खोल."

मामा त्या पोत्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "शिरपत, त्या पहिल्या रोपाची सुतळी सोड."

शिरपतने सोडली. रोप आडवं झालं.

"सगळी अशीच आहेत," मामा म्हणाला. "चूक माझी. फांदी चुकीची धरली. आंब्याला चालतं, हिला चालत नाही. हिने सांगितलं होतं," त्याने मामीकडे बोट केलं, "मी ऐकलं नाही. ही नेऊ नका."

मामीने पदर तोंडावरून काढला, एवढंच मला दिसलं. शेवटी शिरपतच म्हणाला, "मंग आता?"

यावर उपाय होता, पण तो मामाला नको होता. उभे शेंडे हवे असतील तर झाडाचा बुंधा गुडघ्याएवढा ठेवून वरचं सगळं कापायचं. खालून जे धुमारे फुटतात ते सरळ वर जातात, कलमाला तेच लागतात. पण असं झाड गावात एकच. फुटलं तर फुटलं, नाही तर तेही गेलं.

शेवटी मामानेच करवत उचलली आणि सगळे विहिरीकडे गेलो. आधी मामीने झाडावरची पिकलेली लाल फळं परडीत काढून घेतली, झाड गेलंच तर बियाचा तेवढाच आधार. मामाने करवत लावली आणि अर्ध्यात थांबला. हजारो काड्या डोळे झाकून कापलेला माणूस.

"कापा," मामी म्हणाली. "अर्धवट ठेवलंत तर नक्की मरेल."

त्याने कापलं. मामीने कापाला शेणमाती लिंपली. शिरपत घरी गेला नव्हता. त्याने ते ओलं पोतं आणलं, बुंध्याच्या तळाशी गुंडाळलं आणि हात पुसत म्हणाला, "रोज भिजवीन मी. नानाचा भरवसा नाय, नाना खत जास्त घालतो."

दुपारच्या एसटीला मामा मला सोडायला दापोलीपर्यंत आला. स्टँडवर उभं राहून, माझ्याकडे न बघता म्हणाला, "पहाटे ती बांधली ना बायो, ती द्यायलाच बांधली होती. वाटलं, दोन वर्षांनी बघू. पण तो मेला पोतं भिजवून घेऊन आला." मग त्याने माझ्या पिशवीत एक आडवं रोप कोंबलं. "ने. तुझ्याकडे मरणारच आहे, पण ने." खेडपर्यंत ते मांडीवर होतं. कंडक्टर तोच. म्हणाला, "याचं पण अर्धं काढू का?"

आता थोडं घरी आल्यावरचं. खर्च फारसा झाला नाही. येण्याजाण्याच्या तिकिटांपेक्षा मी दापोलीत कोकम आणि आंबावडीवरच जास्त उडवले. जायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत जा, तेव्हा कॉफीची फळं लाल असतात, फक्त आता ती बघायला कुठे जायचं ते मला विचारू नका. बाकी ते रोप माझ्या गॅलरीत आहे. मेलं नाही, याचं सोसायटीला आश्चर्य वाटतं. एक इंच वर जात नाही, ग्रिलमधून सरळ शेजारच्या सानेकाकूंच्या हद्दीत घुसलंय आणि त्यांनी त्यावर रुमाल वाळत घालायला सुरुवात केलीय. मी रोज सकाळी त्याचं एक पान उलटं करून बघते. खाली हिरवंच असतं. आधी मी असलं काही करणारी बाई नव्हते.

होळीनंतर मामीचा फोन आला. मी श्वास रोखून म्हटलं, "बोल."

"फुटलं गो. अकरा आलेत. सरळ वर, काडीबिडी काही लागत नाही. शिरपत रोज येऊन मोजतो, जसे काही त्यालाच झालेत."

मी गॅलरीत एकटीच ओरडले. सानेकाकू रुमाल घेऊन आत पळाल्या.

"मामा काय म्हणतो?"

"काय म्हणायचंय? कलमं बांधायला घेतलीत. पण एक फांदी कापतील तर शपथ. प्रत्येक फांदीशी मला हाक, 'अगो, ही घेऊ का?' भात चुलीवर टाकून किती वेळा धावू मी? मी आठ महिने बोलले नाही तेच बरं होतं बघ." तेवढ्यात मागून मामाची हाक ऐकू आली. "ऐकलंस? आले हो, थांबा, हात लावू नका!" असं ओरडत तिने फोन चालूच बाजूला ठेवला, आणि मी कितीतरी वेळ तिच्या चपलांचा आवाज विहिरीकडे जाताना ऐकत राहिले.