परवाची एकादशी

केरीला पाहुणे येतात समुद्र बघायला, आणि मी त्यांना नेतो नदीत. तेरेखोलची फेरी सुटते तिथूनच माझी होडी निघते, खारफुटीच्या सावलीतून वर जाते आणि शेवटी जुव्याला लागते. जुवं म्हणजे नदीतलं बेट. आमचं हे जुवं नुसत्या वाळूचं. भरतीला ते नसतंच. ओहोटीचं पाणी सुकू लागलं की हळूहळू वर येतं. तिथे पाय पसरून बसायचं, वाळूतल्या तिसऱ्या-शिंपल्या वेचायच्या, जेवायचं आणि परतायचं. रोज तेच करतो, पण खरं सांगतो, मला अजून कंटाळा आलेला नाही.

पाण्याची वेळ सांगायची आई. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. हा हिशेब आधी बाबांचा, ते गेल्यावर आईचा. बाकीचे होडीवाले मोबाईलवर बघतात. मी बघत नसे, आणि त्याला कारण माझा धाकटा भाऊ. तो डिचोलीला असतो, महिन्यातून एकदा येतो आणि आल्या आल्या सुरू करतो, "आई विसरायला लागलीय, डॉक्टरला दाखवूया." मागच्या खेपेला मी भडकलो. म्हटलं, "मेल्या, चष्मा तूसुद्धा विसरतोस! जिला रोजची तिथी तोंडपाठ, तिला डॉक्टर कशाला? तिची तिथी चुकू दे, मग मी स्वतः गाडी काढीन." आमचं हे असं. सुंभ जळाला तरी पीळ जायचा नाही.

त्या दिवशी सकाळी आई कणगां, म्हणजे रताळी, उकडत होती. "आज एकादस," ती म्हणाली. "सव्वाआठांक भरती, सव्वादोनांक सुकती." परवाही घरात रताळीच होती, पण ती तिला आवडतात; आणि गेले दोन दिवस पाहुणे नव्हते, होडी बंद होती, म्हणून तिथी-पाण्याचं बोलणं झालंच नव्हतं. मी काही विचारलं नाही.

पाहुणे पुण्याचे, नवरा-बायको आणि बायकोची आई. आजी सत्तरीच्या, ठसठशीत कुंकू, आणि बोलायला फटकळ. साडेअकराला निघालो तेव्हा फेरीच्या धक्क्यावर पाणी जरा जास्तच वर दिसलं. मी पाहिलं. वाऱ्यामुळे असेल, म्हणून सोडून दिलं.

खारफुटीत शिरलो आणि सगळ्यांची बोलणी आपोआप थांबली. मी इंजिन बंद केलं. पाणी हिरवं, सावली हिरवी. एक खंड्या फांदीवरून फांदीवर आमच्या पुढे पुढे जात होता. आजींनी हात पाण्यात सोडला आणि डोळे मिटले. अशा वेळी मला वाटतं, होडी उभीच आहे आणि नदीकाठच हळूच मागे चाललाय.

पावणेदोनला जुव्यावर लागलो. अजून अर्धा तास सुकती, मग पाणी फिरेल, सव्वातीनला होडी पुन्हा तरंगेल, या हिशेबाने मी ती आतल्या अंगाला, उथळ पाण्यात ठेवली. वाळूवर चटई टाकली, पाव काढले, तळलेली इसवण, तुमची सुरमई, वाढली. आजी म्हणाल्या, "तुम्ही नाही खात?"

"आईची एकादशी आहे. तिच्या उपासाला मी मासे खात नाही."

आजींचा हात थांबला. "अहो, एकादशी परवा झाली. आज एकादशी असती तर मी या सुरमईला हात लावला असता का?"

मला रागच आला. "स्मार्त-भागवत असेल," मी म्हटलं. "पंचांगात दोन एकादश्या येतात कधीकधी."

"येतात की. पण लागोपाठ येतात, बाबा. एक दिवस सोडून नाही."

मी उठलो. पाण्याच्या कडेला एक काठी रोवली आणि बसून राहिलो. सव्वादोन झाले. अडीच झाले. पाणी फिरलं नाही. काठी कोरडी पडली, तिच्यापुढची वाळू कोरडी पडली, आणि माझी होडी चिखलात कलती होऊन बसली. आई चुकली तरी पाणी कसं चुकेल? आज त्रयोदशी होती; तेराची पाऊणपट पावणेदहा, म्हणजे सुकती पावणेचारला. परवा आईने एकादशी केली होती, आणि ती केल्याचं विसरून आज पुन्हा केली होती.

चार वाजत आले तेव्हा कुठे पाणी फिरलं. पाहुण्यांना अडकल्याचं काहीच वाटलं नाही, उलट मजाच वाटली. जुवं चांगलंच रुंद झालं होतं, ऊन मऊ झालं होतं, ती दोघं ओल्या वाळूवरून इतकी लांब चालत गेली की त्यांचे नुसते दोन ठिपके दिसत होते. आजी माझ्याजवळ येऊन बसल्या. "आई किती वर्षांच्या?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "ऐंशीच्या." आम्ही दोघं पाणी वर चढताना बघत राहिलो. इतकं सुंदर दिसत होतं सगळं, आणि मला रडू येत होतं.

होडी तरंगायला पावणेसहा वाजले. धक्क्यावर पाहुण्यांना उतरवलं आणि भावाला फोन लावला. म्हटलं, "उद्या घरी ये. गाडी मी काढतो." मला वाटलं, आता हा ऐकवणार. तो फक्त "बरं दादा" म्हणाला.

घरी आई दारातच बसली होती, उपाशी, तीन दिवसांतली दुसरी एकादशी करून. चेहरा उतरला होता, पण मला बघताच विचारलं, "पाणी बरोबर गावला मरे?"

"गावला गो आई."

"सव्वादोनांक?"

"सव्वादोनांकच."

ती खूश झाली. ताटलीतलं अर्धं रताळं माझ्यापुढे सरकवत म्हणाली, "उद्यां द्वादस. नवांक भरती. विसरशीत हां!"

"नाय विसरूचंय," मी म्हटलं आणि रताळं खाल्लं.