पारशिवनीची शाळा आणि ‘एकही नाही’

पारशिवनीचं नाव काढलं की नागपूरकरांना पेंच आठवतं, वाघ आठवतो. मला विचाराल तर एसटी आठवते. शाळकरी मुलांच्या तब्येतीची आणि मनाची राष्ट्रीय पाहणी चालते, तिच्यात मी कंत्राटावर आहे. यादीत शाळा निघाली की निघायचं. ही बाविसावी शाळा, आणि खरं सांगते, पिशवी भरतानाच कंटाळा आला होता.

जाणार असाल तर सकाळची गाडी पकडा, नंतर जागा मिळत नाही. बायकांना अर्धं तिकीट. स्टँडबाहेर तर्री-पोहे खाऊन घ्या. कन्हानला ट्रकांच्या मागे अडकलात की अडकलात. पुढे कपाशीची शेतं लागतात म्हणे. मी वजनकाटा मांडीवर घेऊन झोपले होते.

शाळेत वर्गशिक्षक हसतमुखाने सामोरे आले. “मॅडम, टेन्शन घेऊ नका. पोट्ट्यायले सांगून ठेवलं, पेपर आहे, शाळेचं नाव खराब करू नका.”

“पेपर नाही हो, सर,” मी म्हटलं, पण सांगून झालं होतं. नियमाप्रमाणे ते वर्गाबाहेर गेले. आठवीची चौतीस मुलं, एका बाकावर तिघंतिघं. उंची-वजन उरकलं, प्रश्नावल्या वाटल्या. नाव लिहायचं नाही, फक्त पर्यायाला गोल करायचा. काळजीने झोप उडते का, उपाशी राहावं लागतं का, जवळचे मित्रमैत्रिणी किती. मुलांना लांब लांब बसवायला हवं होतं. मी खुर्चीत टेकले ती टेकलेच.

कागद गोळा करताना पाहिलं तर सगळीकडे तीच उत्तरं. काळजीने झोप उडते: नेहमी. जवळचे मित्रमैत्रिणी: एकही नाही. चौतीसच्या चौतीस.

वैतागून मला हसूच आलं. “काय रे, अख्ख्या वर्गाला एकही मित्र नाही?”

वर्ग खो-खो हसला. मागचा एक मुलगा उठला. “मॅडम, आमी शीतलचं पाहून लिवलं. तिचं सगळं बरोबर राहते न.”

शीतल (नाव बदललंय) पहिल्या बाकावर होती. ती हसत नव्हती. पेनाचं टोपण लावत होती, काढत होती. नक्कल करणाऱ्यांची उत्तरं खोटी होती, पण जिची नक्कल झाली तिची? आणि त्यावर मी भर वर्गाला हसवलं होतं. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्यांदा मुलांना व्हरांड्यात लांब लांब बसवलं. नवे कागद दिले. “खरं लिहा, कोणी पाहणार नाही,” म्हटलं, पण माझ्या आवाजात काही दम नव्हता. या वेळी उत्तरं वेगवेगळी आली. कुणाला दोन मित्र, कुणाला पुष्कळ. ‘एकही नाही’ मात्र एकाही कागदावर नव्हतं.

शाळेतच खिचडी जेवलो. नियमात बसत नाही, तरी मी सरांना म्हटलं, “शीतलशी जरा बोलत जा.”

“तिले काय झालं? पहिली येते पोरगी.”

“ती जेवायला कोणाजवळ बसते, ते बघा.”

सर घास हातात धरून थांबले. “हे काई पाहिलं नाही मी,” म्हणाले. मग खरंच अंगणाकडे पाहत राहिले. माझी बस होती, मी निघाले.

नागपुरात लकडगंजला घरी पोचले तेव्हा पाय भरून आले होते. पाहणीच्या साहेबांना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, “दुसऱ्या वेळचं चांगलं आलंय, तेच पाठवा.” पहिले कागद बाद म्हणून वेगळे द्यायचे असतात. चहा घेऊन बसले आणि एकेकावर लाल पेनाने ‘रद्द’ लिहीत गेले. चौतिसांतला एक खरा होता. नाव नसल्याने कोणता ते कळायला मार्ग नव्हता, म्हणून त्याच्यावरही मी ‘रद्द’ लिहिलं.