शून्यानं भागल्यावर

काळ्या पडद्यावर कर्सर लुकलुकत वाट बघत असतो. शेल म्हणतात या पडद्याला. आपण एक ओळ लिहायची, संगणकानं लगेच उत्तर द्यायचं. चुकलात तर पुन्हा विचारा. त्याच्या कपाळावर आठी पडत नाही.

आम्हा शिक्षकांच्या संगणक प्रशिक्षणात मात्र आमच्या आणि त्या पडद्याच्या मध्ये एक सर उभे होते. फळ्यावरच्या ओळी तशाच उतरवायच्या, इकडेतिकडे हात लावायचा नाही. माझ्या शेजारच्या सुनंदाबाई गणित शिकवतात. त्यांनी विचारलं, "सर, शून्यानं भागलं तर हा काय म्हणेल?"

"अभ्यासक्रमात नाही ते."

बाईंनी टाइप केलंच. शून्यानं भागता येत नाही, असं संगणकानं तत्काळ सांगितलं. बाई खुदकन हसल्या. सर धावत आले. "बिघडवलंत ना!" म्हणत त्यांनी थेट बटणच बंद केलं.

जन्मभर उत्तरं वाटत फिरणाऱ्या माणसाला एका प्रश्नाची एवढी धास्ती! मला राग नाही आला, किळस आली.

मग घसा खाकरून सर म्हणाले, "लिहून घ्या. शेलचा मुख्य फायदा, मनात येईल ते विचारता येतं." आणि खाली रेघ मारायला लावली.