कूलरसमोरचा धंदा

माझ्या धाकट्या दिराला हल्ली कोणी नुसतं बसलेलं पाहवत नाही. मी लोणचं घातलं की म्हणतो, विका. गाणं गुणगुणलं की म्हणतो, चॅनल काढा. मे महिन्यातल्या एका रविवारी तो हुडकेश्वरला आमच्याकडे जेवायला आला. आमरस-पोळी झाली, मी कूलरसमोर चटई टाकली, तर याचं सुरू झालं. "वहिनी, दुपारी काहून झोपता? लोकं एवढ्या वेळात कुठच्या कुठे पोचून राहिले!"

बाहेर कुत्रंही दिसत नव्हतं. एवढ्या उन्हात कोण कुठे पोचून राहिलं, देव जाणे. मी म्हटलं, "बस इथं, नीट समजावून सांग." तो कूलरच्या वाऱ्यात बसला, मग टेकला, आणि दुसरं वाक्य पुरं व्हायच्या आत घोरू लागला. थेट चहाच्या वेळी उठला. कप हातात घेऊन गंभीरपणे म्हणाला, "वहिनी, काय झोप लागली! लोकायले अशी झोप विकली तर? कूलर तर आहेच तुमच्याकडे."

आमच्या घरचा नियम आहे, जो कूलरसमोर झोपेल त्यानं त्याची टाकी भरायची. मी बादली त्याच्या पुढ्यात ठेवली. म्हटलं, "कर धंद्याला सुरुवात."